उचगावचा दुपारचा डोंगर

किस्से गोळा करावे लागत नाहीत. एका खुर्चीवर बसून राहिलं की ते साचतात, वखारीच्या कौलांवर तंबाखूची धूळ साचते तसे. झाडायला गेलं की शिंका येतात. आमच्या ऑफिसातले काही सांगतो. त्यातल्या काहींचा अर्थ मला अजून लागलेला नाही. ज्याला लागेल त्यानं तो स्वतःजवळ ठेवावा.

माझं शिक्षण चौथी. उभा जन्म निपाणीत तंबाखूच्या वखारीत गेला. पान हातात घेतलं की कुठल्या शिवारातलं ते सांगायचो. वखार बंद झाली आणि मी गावी, उचगावला परतलो. आमच्या गल्लीतल्या, पण आता शहरातच राहणाऱ्या संजूनं बेळगावच्या कॅम्पात वायरलेस इंटरनेटची कंपनी काढली होती. गावात खांब, खांबावर डिश, डिशमधून घरोघरी नेट. तो म्हणाला, "आप्पा, घरात बसून काय करताय? आमच्याकडं बसा."

"काम काय?"

"डोंगर बघायचा."

स्क्रीनवर प्रत्येक गावाचा एक ग्राफ असतो. लोक नेट वापरायला लागले की हिरवा डोंगर चढतो, थांबले की उतरतो. डोंगर एकदम जमिनीवर आला तर ओरडायचं. एवढंच काम.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. उचगावात चाळीस घरांनी संजूची लाइन घेतली ती संजूकडं बघून नाही. मी दारोदार फिरून शब्द दिला म्हणून घेतली. आमच्या गावात कागदावरची सही विसरतात, शब्द विसरत नाहीत.

*

पहिल्याच आठवड्यात मी नाव कमावलं.

सकाळी आठला बसलो. दहाच्या सुमारास बघतो, सगळे डोंगर शांत. ना वर, ना खाली. अकराला तसेच. फोनसुद्धा वाजला नाही. मला वाटलं, मी बसलो म्हणून कारभाराला शिस्त आली.

साडेअकराला जिन्यात ही गर्दी! गर्दीतून वाट काढत संजू.

"आप्पा, दीड तास झाला नेट बंद हाय! ग्राफ हलला न्हाय?"

"न्हाय. लई शहाण्यासारखा उभा होता."

स्क्रीनच गोठली होती. आणि फोन का वाजला नाही? ऑफिसचा फोनही त्याच नेटवर चालत होता!

संजूनं त्याच दिवशी एक साधा मोबाइल आणून माझ्यापुढं ठेवला. मी विचारलं, "आणि हे बंद पडलं तर कळणार कसं?"

तो चहा सांगायला निघून गेला.

*

आमच्या इंजिनिअरचं नाव विद्या. निपाणीची. तिची आजी आमच्याच वखारीत तंबाखू निवडायला यायची. कामात कडक बाई. नात तिच्यावर गेली आहे.

एकदा ग्राफ उलटा दिसायला लागला. गावात जेवढं नेट जातंय त्याच्या दहापट गावातून बाहेर येतंय! संजू घाबरला. "उचगावातून एवढं काय बाहेर पडतंय?"

"भाजी," मी म्हणालो. दुसरं काही बाहेर पडताना मी तरी पाहिलं नव्हतं.

विद्या हसली नाही. तिनं मला यंत्रापाशी नेलं. "आप्पा, ह्या यंत्राला दारं असतात. इकडनं बघितलं तर जाणं, तिकडनं बघितलं तर येणं. कुणीतरी तिकडनं मोजलंय."

"म्हणजे पोरगी सासरी गेली का माहेरी आली, ते आपण कुठल्या दारात उभं हाय त्यावर."

"व्हय, तसंच."

मग मी विचारलं, "यंत्राला कसं कळतं हे दार उचगावचं?"

"त्याला गाव कळत नाही. नुसता नंबर कळतो. तीन नंबर उचगाव, चार नंबर पिरनवाडी. नावं आपण चिकटवलीत. यंत्र दर वेळी चालू झालं की स्वतःची दारं स्वतःच नव्यानं मोजून नंबर देतं."

"मोजताना चुकत न्हाय?"

"यंत्र चुकत नाही, आप्पा."

मी खुर्चीवर परत आलो. इंजिनिअर ती आहे.

*

आमच्या शेजारी तानूआक्का राहते. तिचा मुलगा फौजेत आहे, लांब वर कुठंतरी. त्याला संध्याकाळी आठ वाजता थोडा वेळ मोबाइल मिळतो. तेवढ्यात तो व्हिडिओ कॉल करतो. तेवढ्यासाठीच तिनं लाइन घेतली, तीही माझ्या शब्दावर.

आठ वाजले की नेट आचके द्यायला लागायचं. पोराचं तोंड उघडं राहायचं आणि चित्र थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का माझ्या अंगणात.

"आप्पा, तुझ्या लायनीत माझा पोरगा अर्धाच येतोय. उरलेला कुठं ठेवलाईस?"

मी ऑफिसात सांगितलं. संजूनं उचगावचा ग्राफ काढला. "आठ वाजता काही गर्दी नाही, आप्पा. हे बघा. उचगावची गर्दी दुपारी अडीचला."

मला राग आला. "दुपारी अडीचला आमच्या गावात कोण असतंय रं? माणसं रानात, पोरं शाळेत. कोंबड्या बघतात काय नेट?"

विद्यानं घड्याळ तपासलं. यंत्राचं घड्याळ लंडनच्या वेळेवर होतं! साडेपाच तास मागं. आमची रात्र आठ म्हणजे त्याची दुपार अडीच.

घड्याळ सरळ केलं. डोंगर आठ वाजता जाऊन उभा राहिला. मला वाटलं, संपलं.

*

संपलं कुठलं! संजू म्हणाला, "गर्दी आहे, पण ॲव्हरेज बघा. दिवसभराचं ॲव्हरेज अगदी कमी. एवढ्याला नवीन डिश कशाला?"

मी त्याला वखारीतली गोष्ट सांगितली. एका नव्या मुकादमानं चांगलं पान आणि सडकं पान एका पोत्यात घातलं आणि म्हणाला, सरासरी माल बरा आहे. मालकानं त्याला त्या पोत्याजवळच बसवलं. वासानं संध्याकाळपर्यंत त्याला सरासरी कळली.

संजू म्हणाला, "बरं, आप्पा. एक मोठी डिश मागवलीय. ज्या गावाचा डोंगर रात्री आठला सगळ्यात उंच, त्या गावाला ती लावायची. ग्राफ सांगेल ते खरं."

"उचगावचाच उंच हाय."

"मग भिता कशाला?"

मी भीत नव्हतो. गावात जाऊन तानूआक्काला सांगितलं, डिश येतेय. पुन्हा एकदा शब्द दिला.

*

मध्ये एका वळवात वीज कडाडली आणि ऑफिसचं यंत्र बंद पडलं. आमचा खांबावर चढणारा माणूस बसू. कन्नड बोलणारा, अंगानं सडपातळ, कशाला न भिणारा. त्यानं यंत्र बंद करून परत चालू केलं. सगळे डोंगर परत आले. सगळ्यांनी वडापाव खाल्ला.

दोन दिवसांनी उचगावात तक्रार. मी खाली उभा, बसू उचगावच्या खांबावर चढला, डिश धरून बसला आणि वरूनच बेंगळुरूला त्या यंत्राच्या कंपनीला फोन लावला. तिकडच्या साहेबानं तिथूनच आमचा ग्राफ पाहिला.

"ग्राफ सरि इदे," तो म्हणाला. ग्राफ बरोबर आहे.

बसू कन्नडमध्ये म्हणाला, नेट चालत नाही. साहेब म्हणाला, ग्राफ बरोबर आहे म्हणजे नेट बरोबर आहे.

बसू वरून ओरडला, "आप्पा! नेट बरोबर हाय म्हणतोय! मग मी वर कशाला चढलोय, इचारू काय?"

"इचार!"

त्यानं विचारलं. साहेबानं फोन ठेवला.

*

इथून पुढं माझं डोकं चालेनासं झालं.

उचगावचा डोंगर पुन्हा दुपारी उभा राहायला लागला! सकाळी दहाला चढायचा, पाचला उतरायचा. रात्री आठला सपाट. मी विद्याला म्हणालो, "घड्याळ परत लंडनला गेलंय."

तिनं तपासलं. "नाही, आप्पा. घड्याळ बरोबर."

"मग दुपारी आमच्या गावात नेट कोण वापरतंय?"

"आता लोक घरी बसून कामं करतात."

"कोण? नाव सांग. चाळीस घरं हाईत. मला सगळी पाठ हाईत."

नाव तिलाही सांगता येईना, मलाही. मी रोज खुर्चीवर बसून त्या डोंगराकडं बघायचो. पान हातात घेतल्यासारखा बघायचो. हे आमच्या शिवारातलं पान नव्हे, एवढं कळायचं. पण घड्याळ बरोबर, ग्राफ बरोबर, बेंगळुरूचा साहेब बरोबर. चौथी शिकलेल्या माणसानं किती वेळा नाही म्हणायचं?

पिरनवाडीचा डोंगर मात्र रात्री आठला आभाळाला टेकायचा. संजूनं मोठी डिश पिरनवाडीला लावली.

वर म्हणाला, "आप्पा, राग मानू नका. तुमच्या गावाला सवय हाय कुरकुर करायची. आठ वाजता तिथं कुणी नेट वापरतच न्हाय आणि तुमची आक्का म्हणते अडकतंय. पुढच्या महिन्यात उचगावचा खांब उतरवतो. परवडत न्हाय."

त्या संध्याकाळी आक्का अंगणात आली नाही. तिच्या दारातूनच म्हणाली, "आप्पा, आता पोरगा पाव येतोय."

 

*

शेवटचा सांगतो.

यात्रेच्या आधी आमच्या गावात मंगळवारचा वार पाळतात. त्या दिवशी गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, जातं फिरत नाही. सगळं गाव घरांना कुलपं घालून शिवारात जातं. तिथंच रांधायचं, तिथंच जेवायचं, दिवेलागणीला परतायचं. जातं आता कुणाच्या घरात नाही, म्हणून लोक घरातून निघताना विजेचा मेन स्विच पाडतात. देवीचं काम, त्यात पळवाट नको.

मी सुट्टी घेतली होती. आंब्याखाली पंगत बसली होती. तानूआक्का आमटी वाढत होती. मला वाढताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

दुपारी दोनला मोबाइल वाजला. संजू.

"आप्पा, घोटाळा झालाय! पिरनवाडी पडली. डोंगर साफ जमिनीवर, एक ठिपका न्हाय! सकाळपासनं तसाच हाय. बसूला वर चढवलाय."

"मग?"

"बसू म्हणतोय वर सगळं ठीक हाय. खाली एक बाई उभी हाय, ती इचारतीय, नेट झकास चाललंय, तू वर काय करतोयस? मला तर काहीच कळंना झालंय."

"बाकीची गावं?"

"बाकीची बरी हाईत. तुमचं उचगाव तर आज लई जोरात. डोंगर हा एवढा! तुम्ही न्हाय तर गाव खूश दिसतंय."

मी पानावरून मान वर केली. पंगत मोजली. चाळीस घरं, सगळी समोर. तरणी पोरं, म्हातारी, पाळण्यातली, सगळी. पलीकडं बैल. बैलाशेजारी गावातली कुत्रीसुद्धा.

"संजू," मी म्हणालो, "मी शिवारात हाय. आज वार हाय. तू आमच्याच गल्लीतला, तुला सांगाय नको. गावात कुलपं हाईत, मेन स्विच पडलेत. कुत्रंसुद्धा इथं जेवतंय. आता मला एवढंच सांग, उचगावात नेट कोण वापरतंय?"

तिकडं पंखा फिरल्याचा आवाज येत होता. मग खुर्ची सरकली. मग विद्याचा आवाज आला, लांबून, अगदी हळू. तिच्या आजीचाच.

"संजूअण्णा, त्या विजेनंतर चालू होताना यंत्रानं तीन आणि चार नंबरची अदलाबदल केलीय. बसूला फोन लावा. म्हणावं, खाली उतरताना ती मोठी डिश घेऊनच उतर."

मी मोबाइल खिशात ठेवला आणि पान पुढं सरकवलं.

"आक्का, आमटी वाढ."