घारीचा वाटा

नाशिकच्या विमानतळावर धनराजचा हुद्दा काय, हे त्याच्या गावात कोणालाही नीट सांगता येत नाही. ‘पाखरं हाकलतो’ एवढेच सांगतात, तेही नाक मुरडून. विमान उडण्या-उतरण्याच्या वेळी धावपट्टीच्या कडेने हिंडून आवाजाचे फटाके उडवायचे आणि घारी, बगळे पांगवायचे, हे त्याचे काम. गाव विमानतळाच्या कुंपणाला लागून असल्यामुळे पाखरे दोघांचीही तीच.

त्या गावात म्हसोबाला कापलेल्या बोकडाचा पहिला वाटा घारीचा असतो. देवळामागच्या खडकावर काळजाचा तुकडा ठेवतात. घारीने तो उचलला म्हणजे देवाला पोचला, असे मानतात. तोवर पंगतीतले कोणीही घास घेत नाही.

यंदा चैत्रात नवस होता धनराजच्या थोरल्या भावाचा, केरूचा. त्याची सून ललिता अवघड बाळंतपणातून वाचली होती. आदल्या दिवशी धनराज भावाकडे गेला.

“दादा, दुपारचं विमान जाऊ दे, मंग वाटा ठेव. आधी ठेवला तर मला फटाके उडवावे लागतील.”

“म्हसोबाला तुझ्या विमानाचा टाइम कळवू का?”

“विमान गेलं की घारी परत येत्यात. माझ्यावर सोड.”

“सोडलं,” केरू म्हणाला. “नाय आल्या तर तू माझा भाऊ नाय.”

केरूने शब्द पाळला. विमानाला मात्र उशीर झाला, आणि धनराजला सारी दुपार फटाके उडवीत राहावे लागले. विमान उडाले तेव्हा आभाळात एकही घार नव्हती. तो तसाच देवळाकडे आला. पत्रावळी मांडलेल्या होत्या, रश्श्यावर चरबीची साय धरली होती.

“या, धनराजशेठ,” चुलतभाऊ कुंदन म्हणाला. “घारींना पास लागतो का आता?”

कोणी हसले नाही. धनराज केशरी जाकीट काढून खडकाजवळ बसला. बऱ्याच वेळाने दोन घारी आल्या, घिरट्या घालू लागल्या. पण खाली उतरेनात.

केरूची बायको अक्काबाई पुढे आली. “भावजी, तुम्ही उठा इथून. तुम्हाला वळखत्यात त्या.”

“वहिनी, जाकीट काढलंय मी.”

“तोंड कुठं काढलं?”

घारीला माणूस ओळखू येतो की नाही, याचा निवाडा प्रस्तुत लेखक करू शकत नाही. पंगतीने तो केव्हाच केला होता. धनराजने भावाकडे पाहिले. केरू खडकाकडे पाहत राहिला. धनराज उठला.

तो आपल्या ओट्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच देवळाकडून गलका आला. तुकडा उचलला गेला होता. पंगत बसली, उठली. त्याच्यासाठी ताट आले नाही.

दिवस मावळताना केरू आला. ओट्यावर चढला नाही, अंगणातच उभा राहिला.

“डोळ्यानं पाहिलं ना सगळ्यांनी? तू उठला आन् घार उतरली,” तो म्हणाला. “इथून पुढं कोणाचाबी नवस असू दे, त्या दिवशी तू गावात थांबायचं नाय. घोटीला जा, चांदवडला जा, कुठं बी जा.”

“आन् नवस माझ्याच घरचा असला तर?”

केरूने विचार करायला वेळ घेतला नाही.

“तू नवस बोलू नको.”