मराठी बोलून दाखव

"मराठी बोलून दाखव," तो म्हणाला. माझी वेणी त्याच्या मुठीत होती.

सकाळचे अकरा वाजले असतील. यवतमाळातली चांगली, शिकल्यासवरल्या लोकांची कॉलनी. भर रस्त्यात मी उभी. भोवती वीस-पंचवीस माणसं. माझी पिशवी कोणीतरी रस्त्यावर उपडी केली होती. डबा उघडला होता. भाकर मातीत. औषधाच्या गोळ्यांची चिठ्ठी एकजण उलटीपालटी करून पाहत होता. बाकीच्यांच्या हातात मोबाइल, सगळे माझ्याकडे रोखलेले.

त्या कॉलनीत मी तीन वर्षं कामाला जात होते. एका रिटायर मास्तरांना लकवा मारलेला. त्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, हातपाय चोळून द्यायचे, हे माझं काम. नर्सिंगचा छोटा कोर्स केला होता मी. आम्ही बंजारा, आमचा तांडा आर्णीकडचा. घरी आम्ही गोरबोली बोलतो. आईला याडी म्हणतो.

त्या दिवशी मास्तरांच्या घरात रेंज नव्हती. म्हणून खांद्यावरची पिशवी न उतरवताच मी गेटबाहेर आले अन् याडीला फोन लावला. तिचे गुडघे दुखत होते, तेच ती सांगत होती. समोरच्या घरचं फाटक उघडं राहिलं होतं. त्या घरची तीन वर्षांची पोर एकटीच रस्त्यावर आली. वळणावरून पाण्याचा टँकर येत होता. मी धावले. पोरीला उचललं. फोन कानाला तसाच. टँकर निघून गेला. पोर दचकून रडायला लागली. तिला कडेवर घेऊन, याडीशी बोलतच, मी तिच्या घराकडे वळले.

तेवढ्यात मागून शिट्टी वाजली.

शिट्टी वाजवणारा कॉलनीच्या सुरक्षा समितीचा अध्यक्ष होता. रिटायर साहेब. पोलिसांना मदत करणारे नागरिक म्हणून समितीला हिरवी जाकिटं मिळाली होती, त्यातलं एक त्याच्या अंगात दिवसभर असायचं. त्याच सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज फिरला होता की लेकरं पळवणाऱ्या बायांची टोळी आली आहे, वेगळीच भाषा बोलतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की पोर माझ्या हातातून हिसकावली गेली अन् माझी वेणी मागं ओढली गेली.

"कुठं नेऊन राह्यली होती लेकराले?"

मी सांगायला तोंड उघडलं. मराठी आलीच नाही. पहिलीपासून मराठी शाळेत शिकले मी. कोर्सचे पेपर मराठीत लिहिले. पण भीतीनं माझ्या डोक्यातून सगळी मराठी पळून गेली. तोंडातून निघाली ती गोरबोली. टँकर येत होता, पोर मेली असती, असं मी सांगत होते. सांगत होते अन् ते एकमेकांकडे पाहत होते.

"पाह्यलं? हेच ती भाषा," अध्यक्ष म्हणाला. "तांड्यावालीच हाये. यायचे हेच धंदे."

पहिली चापट कोणी मारली, मी पाहिलं नाही. कान सुन्न झाला. फोन खाली पडला होता, त्यातून याडीचा आवाज येत होता. एकानं त्यावर पाय दिला. आवाज बंद झाला. मला वाटलं, आता हे मला मारून टाकणार. असं मारल्याचे व्हिडिओ मी पाहिले होते. माझी सलवार ओली झाली. ते एका पोरानं पाहिलं अन् तो हसला. चापटीपेक्षा ते हसू जास्त लागलं.

गर्दीत त्या पोरीची आई होती. तिच्या सासूला मी महिनाभर रोज इंजेक्शन दिलं होतं. तिच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायले होते. तिनं मला ओळखलं. मी तिच्याकडे पाहत राहिले. तिनं लेकराला छातीशी धरलं अन् खाली पाहिलं.

शेवटी आवाज ऐकून मास्तरांची बायको बाहेर आली. त्यांना मी काकू म्हणायची. त्या गर्दीत घुसल्या. "सोडा तिले. हे आमच्या घरची बाई हाये."

वेणी सुटली. लोक पांगले. कोणी माफी मागितली नाही. मी टँकरसमोरून लेकरू उचललं म्हणून सुटले नाही. मी कोणाची तरी बाई होते म्हणून सुटले.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ तांड्यात पोचला. बापू, माझे वडील, दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीनं यवतमाळातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर आले.  माझे कपडे पिशवीत भरायला लागले. मी त्यांना थांबवलं नाही, अन् उठलेही नाही. आठ दिवस मी बाहेर पडले नाही. खालून शेंगदाणेवाल्याची शिट्टी आली तरी मी दाराची कडी तपासायची. लहान लेकरू दिसलं की हात पाठीमागं घ्यायची. बापूंशी बोलतानाही आवाज खाली जायचा. आपल्याच खोलीत.

मग काकूंचा निरोप आला. रविवारी कॉलनीच्या मंदिरातल्या सभागृहात पोलिसांची बैठक आहे, तू ये, सगळं मिटवून टाकू. बापू म्हणाले नको जाऊ. मी गेले. खरं सांगते, मिटावं असंच मलाही वाटत होतं.

ठाण्यातले एक अधिकारी आले होते. चांगलं बोलले. कुलूप कसं लावावं, फोनवर कोणाला नंबर सांगू नये, अफवा पुढं पाठवू नये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर कॉलनीतर्फे अध्यक्षाचा सत्कार झाला. दक्ष नागरिक म्हणून. शाल, नारळ. मी मागच्या रांगेत बसून ते पाहिलं. ज्या मुठीत माझी वेणी होती, तिच्यात नारळ होता.

मग त्यानं माइकवर माझं नाव घेतलं. झालं ते गैरसमजातून झालं, म्हणाला. यापुढं कामाला येणाऱ्या बायांना गळ्यात घालायचं ओळखपत्र देऊ, पहिलं हिला देऊ, म्हणजे कोणाच्या मनात काही राहणार नाही. फोटो काढणारा पुढं झाला. काकूंनी मला कोपरानं ढोसलं.

मी उठले.  समोर गेले. त्यानं लाल पट्टी माझ्या गळ्यात टाकायला हात वर केला. तेच हात. मी मागं सरकले.

"मी नाही घालत," मी म्हणाले.

 तो हसला, म्हणाला, तुह्याच भल्यासाठी हाये.

माझा आवाज फाटत होता, पण या वेळी मराठी जागेवर होती. "साहेब, मी चोरी नाही केली. लेकरू पळवलं नाही. मारलं यायनं मले. मंग पट्टा माह्या गळ्यात काहून?" मी अधिकाऱ्याकडे वळले. "मले तक्रार द्यायची हाये. इथंच लिहून देतो."

 अधिकाऱ्यांनी शिपायाला कागद द्यायला सांगितला. पहिली ओळ मी दोनदा खोडली. कोणी वेणी ओढली, कोणी फोन तुडवला, कोण हसलं, सगळं लिहिलं. सही केली.

सभागृहाच्या जिन्यातच काकूंनी मला गाठलं. रडत होत्या. "आता तू येऊ नको बाई. आम्हाले इथंच राहावं लागते." त्यांच्यावर मला राग आला नाही. मास्तरांना आता कोण भरवत असेल, हे मनात येतं.

तेव्हापासून दोनदा कॉलनीतली माणसं खोलीवर येऊन गेली. तक्रार मागं घे, म्हणाली. एकदा गोड बोलून, एकदा दार वाजवून. बापू अजून सोबत राहतात. एका दवाखान्यात मला काम लागलं आहे. गर्दी दिसली की अजूनही मी भिंतीला पाठ लावून उभी राहते. भीती गेलेली नाही. जाईल असं मला कोणी सांगूही नये.

पुढच्या आठवड्यात ठाण्यात जबाबासाठी बोलावलं आहे. अध्यक्षासमोर, त्या सगळ्यांसमोर उभं राहून नावं घ्यावी लागतील. मी एकेक नाव घेणार आहे.