स्कायलॅब आणि चुलतीच्या तीन शेळ्या

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात अमेरिकेची स्कायलॅब नावाची आकाशातली प्रयोगशाळा खाली कोसळणार होती. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात बी.एस्सी. झालेली मी एकटीच. कराडला राहून शिकले होते आणि त्याची मला घमेंड होती, खोटं कशाला सांगू. पिठाच्या गिरणीत सगळे मलाच विचारत. ती एवढे दिवस वर कशी राहिली, आत्ताच का पडतेय, आत माणसं हायत का. मी दळणाच्या डब्यावर पिठाच्या बोटाने पृथ्वी काढून दाखवायची.

चुलत्याने सोप्यात चारचौघांसमोर विचारलं, "आपल्यावर पडंल का न्हाई, तेवढं सांग."

मी म्हणाले, बहुतेक समुद्रात पडेल. पण आपल्यावर पडणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही. कॉलेजात शिकवलं तसं, नेमकं.

त्याने शेवटचं तेवढं धरलं. मरायचंच तर खाऊन मरू म्हणत गावात बकरी कापणं सुरूच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुऱ्हाड घेऊन चुलतीच्या शेळ्यांकडे गेला. तीन दुभत्या शेळ्या. तिची लेक बाळंतपणात गेलेली, तान्हा नातू त्या दुधावर होता.

पहिलीची मान एका घावात उडाली. दुसरी दावं तोडून पळाली, तर त्याने पायावरच घाव घातला. ती ओरडत राहिली, तिसऱ्या घावाला संपली. चुलती तिसरीला मिठी मारून बसली. त्याने कुऱ्हाडीचा दांडा तिच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दांडा पुन्हा वर गेला, तशी मी मुसळ उचललं.

"आवं तात्या, सोडा ती कुऱ्हाड," म्हणाले आणि सगळा जोर लावून त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो शेळीच्या रक्तातच बसला. चुलत्यावर हात उचलतीस, म्हणाला. मी मुसळ परत उचललं. मग त्याने कुऱ्हाड सोडली.

स्कायलॅब पार ऑस्ट्रेलियाकडे पडल्याचं रेडिओवर कळलं. किती लांब ते, असं त्याने लंगडत येऊन विचारलं. मी धारेचं भांडं उचललं आणि गोठ्यात गेले.

चुलतीचा हात गळ्यात बांधलेला, म्हणून धारेला मी बसले. शेळी थरथरत होती, दूध सोडेना.

"एवढी शिकलीस," चुलती म्हणाली, "निस्तं न्हाई पडत म्हणाय काय झालं हुतं गं?"

खरं बोलल्याचा मला आजही पस्तावा नाही. तेव्हा मी पुन्हा आचळाला हात घातला. वाटीभर दूध निघालं. पोराला ते पुरलं नाही.