साकव सुस्थितीत आहे

बुधवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी हे सुरू झालं. भोरहून येणाऱ्या लायब्ररीच्या मॅडमनी पिशवीतनं एक जाड कादंबरी काढली आणि मला म्हणाल्या, "तुमचा आवाज मोठा आहे, तुम्ही वाचा." मी सातवी शिकलेली, अडखळत वाचते. पण त्या दिवसापासून आमच्या बायकांच्या वाचन गटाचे किस्से इतके साठलेत की पाण्यावर दोघी भेटल्या तरी एक निघतो. बाकीच्या हसतात. माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

*

कादंबरीतली तारा घर सोडायचं म्हणून दारापाशी उभी. तेवढ्यात लेखक स्वतःच गोष्टीत शिरला. म्हणाला, तारा स्वतंत्र आहे, मी तिला काही सांगणार नाही. वाचणाऱ्यांनी ठरवावं. दार उघडायचं तर पान ऐंशी, नाही तर पान एकशे बारा.

कमलआत्या आमच्यात सगळ्यात वयस्कर. त्या म्हणाल्या, "ठरवायचं आमी, मग पुस्तकावर नाव त्याचं कशाला?"

*

माझी जाऊ सुनंदा म्हणाली, "म्या ह्यांना इचारून सांगते."

आठ दिवसांनी खरंच निरोप घेऊन आली. "हे म्हणत्यात, दार उघडू नगं."

कमलआत्या म्हणाल्या, "तुझा नवरा त्या बाईला वळखतो व्हय गं?"

*

शेवटी कुणीच काही ठरवेना. मॅडम म्हणाल्या, आता शेवटचं पान वाचा. वर लिहिलं होतं, 'ज्यांनी काहीच ठरवलं नाही त्यांच्यासाठी.' खाली एकच ओळ: 'तारा दारातच म्हातारी झाली. हे तुम्हीच ठरवलंत.'

मी पुस्तक आपटलं. म्हटलं, "आमच्या हातात काय असतं, मॅडम? माझी आर्या चार वर्सांची. अंगणवाडीला जायला ओढ्यावरचा साकव, त्याच्या निम्म्या फळ्या कुजल्यात. रोज तिला कडेवर घेऊन त्यावरनं जाते. ते काय म्या ठरवलं?"

मॅडम एवढंच म्हणाल्या, "मग कुणी ठरवलं?"

लई राग आला मला त्यांचा.

*

दुसऱ्याच दिवशी साकवावर मी आर्याला जरा खाली उतरवलं आणि फळी मोडली. तिचा पाय मांडीपर्यंत आत गेला. फ्रॉक माझ्या मुठीत होता म्हणून पोरगी वाचली. तशीच तिला घेऊन ग्रामपंचायतीत गेले.

ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "ताई, माझ्या हातात काय आहे? ठराव तुमचाच आहे."

त्यांनी रजिस्टर फिरवून दाखवलं. महिला सभेचा ठराव: साकव सुस्थितीत आहे, तक्रार नाही. आमच्याकडे महिला सभा भरत नाही, रजिस्टरच दारोदार फिरतं. खाली सगळ्या आळीच्या सह्या. चौथी माझी, त्यावर भाकरीच्या पिठाचं बोट उमटलेलं.



*

बुधवारी गटात सगळं सांगितलं. सुनंदा म्हणाली, "आमी कुठं वाचलं व्हतं?"

पुढच्या सोमवारी पंचायतीचे शिपाई नामदेवदादा नवं रजिस्टर घेऊन आले. कमलआत्या उंबऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, "वाचा."

"आत्या, नेहमीचंच हाय. सही करा."

"वाचा म्हणते ना."

दादा वाचत गेले. एकेक करून आम्ही सगळ्या तिथं जमलो. 'साकव सुस्थितीत आहे' आलं तशा आत्या उठल्या. "चला, बगू." सगळ्या ओढ्यावर गेलो. आत्या म्हणाल्या, "दादा, तुमी व्हा फुडं. रजिस्टर घेऊन पल्याड जा. आमी हितं थांबतो."

दादांनी एक पाय उचलला. मोडक्या फळीकडं बघितलं. पाय मागं घेतला. "मी निस्त्या सह्या गोळा करतो, आत्या. मला कशाला ह्यात?"

"न्हाई जात? बरं. मग तसं लिवा."

दादांनी खिशातलं पेन काढलं. मग तिथंच दगडावर बसले आणि ठरावाखाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'मी साकवावरून गेलो नाही.' आणि सही केली. त्या ओळीखाली आम्ही बायकांनी सह्या केल्या, एकेक शब्द वाचून.

रजिस्टर आता वरच्या वाड्यांना निघालंय. तिकडं जी कुणी जाणार असेल तिनं बायकांना एवढं सांगावं, की आधी वाचून घ्या.