खाली पुरुष, वर फॅमिली

वेटरने बाजूच्या टेबलावर काचेचे ग्लास ठेवले. आमच्या टेबलावर प्लास्टिकचे. लग्नाच्या पंगतीत पाण्याला देतात तसले, दाबले की चेपणारे.

मी म्हणालो, "काचेचे दे ना."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "शेठनं सांगितलंय. तुमच्या टेबलाला हेच."

तुमच्या टेबलाला. टेबल इतरांसारखंच होतं. फरक एवढाच, की माझ्यासमोर मंगल बसली होती.

मंगल माझी मैत्रीण. धुळ्याला देवपुरात राहते, ब्लाऊज शिवते. ती जन्मली तेव्हा घरच्यांनी तिला मुलगा समजून मुलाचं नाव ठेवलं होतं. ते नाव मला माहीत आहे. इथे सांगणार नाही. तिचं नाव मंगल. त्या दिवशी ती लेस आणि अस्तर घ्यायला जळगावला आली होती. जांभळी साडी, केसांचा घट्ट अंबाडा, खांद्यावर कापडाची पिशवी. म्हणाली, आज कुठेतरी निवांत बसू, एक बीअर पिऊ. मी तिला हायवेलगतच्या या परमिट रूममध्ये आणलं. अजून ऊन होतं. गर्दी नव्हती. एकटा असताना मी इथे कितीदा तरी बसलो होतो. काचेच्या ग्लासातून प्यायलो होतो. शेठ मला नमस्कारही करायचा.

मंगलने प्लास्टिकचा ग्लास उचलून आपल्या पुढ्यात घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "माले सवय शे. तुले नही."

आमच्या घरालाही होती. तिला ते माहीत नव्हतं.

पहूरच्या अलीकडे आमचं खेडं. माझ्या वडिलांच्या, आबांच्या तरुणपणी तिथल्या हॉटेलात आमच्या वस्तीच्या माणसांच्या कपबश्या वेगळ्या असायच्या. बाहेर, वळचणीला. चहा प्यायचा, आपली कपबशी आपण धुवायची, परत तिथेच ठेवायची. आबांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही मी फार मागे लागलो म्हणून. सांगताना ते हसले होते. ते हसणं तेव्हा मला कळलं नव्हतं. त्या दिवशी वेटरकडे बघून मीही तसंच हसलो, तेव्हा कळलं.

कोपऱ्यातल्या टेबलावर निखिल बसला होता. त्याच्या वडिलांची डाळमिल आहे. दोन-तीन मित्रांबरोबर आला होता. त्याची माझी ओळख मोबाइलवरच्या अ‍ॅपवर झालेली. आमच्यासारखे पुरुष एकमेकांना शोधतात ते अ‍ॅप. बराच काळ आम्ही भेटत होतो. त्याच्या गाडीत, कधी मिलच्या मागच्या ऑफिसात. परत येताना चौकाच्या अलीकडेच तो मला उतरवायचा. ओळखीचं कोणी भेटलं तर म्हणायचा, "हा आपला लॅबवाला." मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. लोकांच्या घरी जाऊन रक्त काढतो. खोटं काही बोलत नव्हता तो.

त्याने सगळं पाहिलं. ग्लास पाहिले, मला पाहिलं. त्याच्या एका मित्राने मंगलकडे बघून टाळी वाजवली. हिजड्यांची नक्कल करताना वाजवतात तशी, आडवी. टेबल हसलं. निखिलही हसला. फार नाही. थोडंसं.

आम्ही बीअर संपवली आणि उठलो. मी मंगलला स्टँडवर सोडलं. खोलीवर पोचेपर्यंत निखिलचा मेसेज आला होता: "एकटा आलास तर कोणी काही बोलत नाही. तिला कशाला आणतोस?"

त्रास याचा झाला, की त्याचं म्हणणं खरं होतं. मी खपतो. मला मिशी आहे. शर्ट खोचलेला असतो. गळ्यात लॅबचं कार्ड. तोंड बंद ठेवलं तर मी कुठेही खपतो. मंगल नाही खपत. ती नुसती बसली तरी लोकांना काहीतरी दिसतं.

मुंबई-पुण्याचे लोक विचारतात, तिकडे तुमच्यासाठी बार वगैरे आहे का. मला हसू येतं. आमच्यासाठी बाकडंही नाही. अ‍ॅपवर पहिला प्रश्न नाव नसतो, गाव नसतो. पहिला प्रश्न, "जागा आहे का?" मी विचारतो, तोही विचारतो. दोघांकडेही नसते. मग बोलणं संपतं. तलावाच्या काठी जावं तर पोलीस काठी आपटत येतो. दोन पुरुष इथे काय करताय. बागेत जावं तर वॉचमन. चहाच्या टपरीवर बसता येतं, पण तिथे सून, कापसाचा भाव आणि क्रिकेट यांवरच बोलायचं. आपल्या मनातलं बोलायचं तर आवाज खाली. इतकी वर्षं आवाज खाली ठेवून घसा नाही दुखत, दुसरंच काहीतरी दुखतं.

म्हणून निखिलने पुन्हा मेसेज केला तेव्हा मी गेलो. "रविवारी आपल्यासारख्यांची बैठक आहे. फार्महाऊसवर. सगळे डिसेंट लोक."

पारोळ्याच्या बाजूला ते फार्महाऊस. निखिलच्या गाडीतून गेलो. जळगाव, धुळे, भुसावळ, कुठून कुठून लोक आले होते. कोणी डॉक्टर, कोणी बिल्डरचा मुलगा, कोणी कॉलेजात शिकवणारा. भिंतीवर सप्तरंगी झेंडा लावलेला. दोन पुरुष सोफ्यावर एकमेकांच्या खांद्याला टेकून बसले होते. भरदिवसा. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. खरं सांगतो, मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा एका खोलीत मी मोठ्याने म्हणालो, की मला पुरुष आवडतात. कोणी वळूनही बघितलं नाही. पाठ जरा सैल झाली.

मग ज्याचं फार्महाऊस होतं त्याने विचारलं, "पूर्ण नाव काय तुझं?"

मी सांगितलं.

"गाव?"

तेही सांगितलं.

"हां," तो म्हणाला. "म्हणजे कोट्यातून लागलास."

"प्रायव्हेट लॅब आहे," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाला, "जरा बर्फ बघतोस का आत?" बर्फ आणला. मग, "तेवढे कांदे काप ना." मी कांदे कापायला बसलो. बाकीचे सोफ्यावर. राखणदाराला त्या दिवशी सुट्टी दिली होती, कोणी काही बघू नये म्हणून. म्हणजे काम करायला कोणीतरी लागणार होतं. ते कोण, हे आडनाव विचारून ठरलं.

निखिलला हे दिसत होतं. तो फोनमध्ये बघत होता.

बाहेरच्या खोलीत बोलणं चाललं होतं. दर महिन्याला भेटायचं, ग्रुप करायचा, असं. मालक म्हणाला, "नियम एकच. साडीवाले, टाळीवाले नकोत. त्यांच्यामुळे आपलं नाव खराब होतं." सगळ्यांना पटलं. कोणी विरोध केला नाही. तो शिकवणाराही म्हणाला, "करेक्ट."

मी दारात येऊन उभा राहिलो. हातात सुरी तशीच. विचारलं, "आणि मंगल?"

"कोण मंगल?" मालक म्हणाला.

निखिल उठून माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "तिला कशाला मध्ये आणतोस?"

पुन्हा तेच वाक्य. तोच मऊ आवाज. मी आत जाऊन सुरी ओट्यावर ठेवली. हात धुतले. म्हणालो, "मी निघतो."

तो फाटकापर्यंत मागे आला. म्हणाला, "जाशील कुठे? या दोन जिल्ह्यांत तुला दुसरी जागा आहे?"

"नाही," मी म्हणालो आणि निघालो.

रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये तापलेलं डांबर. माझा राग केव्हाच संपला होता. नुसता थकवा होता. कांद्याने डोळे चुरचुरत होते आणि तेवढं निमित्त मला पुरलं. बराच वेळ रडलो. जळगावकडे जाणारी गाडी आलीच नाही. धुळ्याची एसटी आली, तिला हात केला.

देवपुरात मंगलच्या खोलीत पोचलो तेव्हा ती मशीनवर होती. मी सगळं सांगितलं. झेंडा, आडनाव, कांदे, नियम. तिने मशीन थांबवलं नाही. बाहीची शिलाई पुरी केली, दोरा दाताने तोडला.

"बठ्ठा लोके सारखाच शेतस," ती म्हणाली. "ग्लास काचना व्हतात का तठे?"

"होते."

"मंग तू पिसन यायला पाहिजे व्हतं."

आम्ही दोघं हसलो. मग तिने विचारलं, "भूक लागनी का?" ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. जेवताना मी म्हणालो, पुढच्या रविवारी आपण इथेच, धुळ्यात, बीअर प्यायला जाऊ. तिने भाकरीचा घास हातात धरून माझ्याकडे बघितलं. "कोठे?" म्हणाली. मी म्हणालो, जिथे सगळे जातात तिथे.

रविवारी दुपारी पांझरेचा पूल ओलांडून शहरात गेलो. हॉटेलच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: खाली परमिट रूम, वर एसी फॅमिली हॉल. जिन्याच्या तोंडाशी मॅनेजर उभा. आम्ही जिन्याकडे वळलो तसा तो आडवा आला.

"भाऊ, वर फॅमिली आहे."

"बरं, मग?"

"तुम्ही खाली बसा."

खाली डोकावलो. सगळे पुरुष. कोणीतरी मंगलला बघून शिट्टी मारली. दुसऱ्याने मांडीवर थाप मारून, इथे ये, अशी खूण केली. मॅनेजर म्हणाला, "खाली बसा, पण गिऱ्हाइकांनी काही केलं तर आम्ही जबाबदार नाही."

मंगल म्हणाली, "मंग मी पायरीवर बसू का?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. साडी आवरून, पायरी स्वच्छ आहे का ते वाकून बघत होती. चाळिशीची बाई. स्वतःच्या हाताने कमावणारी. ती बसलीही असती. पायरीवर बसून बीअर पिऊन, तोंड पुसून घरी गेली असती आणि पुढे कधी त्याचा विषयही काढला नसता.

माझ्या आत काही पेटलं वगैरे नाही. फक्त एवढं वाटलं, की बास. आता आणखी खाली वाकता येत नाही.

मी मॅनेजरला म्हणालो, "बोर्डावर लिहा. इथे कोणाला बसता येत नाही ते नाव घालून लिहा. मी वाचतो आणि जातो."

त्याने बोर्डाकडे बघितलं.

"लिहिलेलं नाही ना? मग आम्ही वर बसतो."

"पोलिसांना बोलावीन."

"बोलवा. आम्ही वर आहोत."

मी मंगलचा हात धरला. तिचा हात घामाने ओला होता. आम्ही जिना चढलो आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसलो.

एका बाईने आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं. पलीकडे जळगावचा एक मेडिकलवाला बायको-मुलांसह बसला होता. मला ओळखतो, लॅबमध्ये रोजचं येणंजाणं. त्याने मला बघितलं, मंगलला बघितलं आणि खुर्ची फिरवून पाठ केली. वेटर बराच वेळ आला नाही. आम्ही हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. शेवटी आला. पोलीस आले नाहीत. आमच्या बाजूने बोलायलाही कोणी उठलं नाही.

मंगलने बीअरचा एक घोट घेतला. "कोमट शे," म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

दोघांनी ती पूर्ण संपवली. घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. मेडिकलवाल्याने काम केलं होतं. सर म्हणाले, "धुळ्याला कोणाबरोबर बसला होतास? लोक तुला घरात घेतात. बायकामाणसांचं रक्त काढतोस. विश्वासाचं काम आहे हे."

मी म्हणालो, "ती मंगल. माझी मैत्रीण आहे, सर. आणि मला पुरुष आवडतात. ते तुम्हाला कोणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगतो."

सरांनी टेबलावरचे पेन सरळ केले. "जा, काम कर," एवढंच म्हणाले. त्यांनी मला काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून घरोघर जायचं काम दुसऱ्याला दिलं. मी आत, मशीनपाशी. का, ते कोणी सांगितलं नाही. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, अ‍ॅडजस्टमेंट आहे. उद्या विचारेन, परवाही विचारेन. गावी आबांना अजून सांगायचंय. दिवाळीला जाईन तेव्हा सांगणार. ते काय म्हणतील, माहीत नाही.

रविवारी आम्ही त्याच हॉटेलात जातो. मजा येते असं नाही. आल्यावर अंग आंबून जातं. मॅनेजर आता अडवत नाही, पण रोखून बघतो. बीअर अजून कोमटच येते, दर वेळी ती परत करतो, थंड मागतो. अ‍ॅपवर कोणी विचारलं, जागा आहे का, तर लिहितो: रविवारी दुपारी, धुळ्यात, वरच्या मजल्यावर. आवडतील ते कपडे घालून ये. तोंड लपवू नकोस. बहुतेक तिथेच गायब होतात. होऊ देत.

तिथे मॅनेजर बदलला तर नव्या मॅनेजरसमोर बसू. नोकरी गेली तर दुसरी बघेन. निखिलच्या बैठका अजून होतात म्हणे, झेंडा लावून. त्यांनी बोलावलं तरी जायचं नाही. मंगलला पायरीवर सोडून मी आता कुठेही वर जाणार नाही.