वर्षाचं काळं

रॉबर्टची माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी कार्मिनआत्याने शिलाई मशीनच्या खणातून काळी फीत काढली, तिचा बोटभर तुकडा कापला आणि भाची ज्युलिएटच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर शिवायला घेतला. घरात माणसांची ये-जा चालू होती, शेजारणींनी चुलीचा ताबा घेतला होता, आणि ही बाई खिडकीशी बसून दुहेरी दोऱ्याने चारही कडा पक्क्या करत होती.

"पिन लावली तरी चालते गं," ज्युलिएटची आई मार्था रडता रडता म्हणाली.

"पिन निघते," आत्या म्हणाली आणि दातांनी दोरा तोडला.

समुद्राकाठच्या राजोडीतल्या त्यांच्या ख्रिस्ती आळीत घरचं माणूस गेलं की वर्षभर काळं पाळायचं, ही रीत. बायकांनी काळे कपडे घालायचे. शाळेच्या पोरांना गणवेश सोडता येत नाही, म्हणून त्यांच्या खिशावर ही फीत. वर्ष भरलं की आधी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना, मग जेवण, आणि मग गेलेल्या माणसाच्या अंगाचं, त्याच्या रक्ताचं कुणीतरी येऊन प्रत्येकाचं काळं आपल्या हाताने उतरवणार, रंगीत काहीतरी देणार. आपलं काळं आपणच उतरवायचं नाही. आता नव्या पिढीत कुणी महिनाभर पाळतं, कुणी फक्त रविवारी. पण कार्मिनआत्या घरात असताना असली सवलत मागायची कुणाची छाती नव्हती. रॉबर्ट, ज्युलिएटचा बाप, हा तिचा धाकटा भाऊ. स्वतःची शाळा सोडून तिने त्याला वाढवला, त्याच्यापायी लग्नाचं वय निघून गेलं, आणि आयुष्यभर गावच्या पोरांचे गणवेश शिवत राहिली. तिच्या हातचा गणवेश घातलेली पोरं पुढे बापे झाली, तरी दिसली की ती आधी त्यांच्या शर्टाची बटणं तपासायची.

आता ज्युलिएटचा प्रश्न असा की रॉबर्ट जायच्या आधीच तिची जपानला जायला निवड झाली होती. नववी संपली की एक वर्ष तिथल्या शाळेत शिकायचं, तिथल्याच एका कुटुंबात राहायचं. सगळा खर्च पाठवणाऱ्या संस्थेचा. रॉबर्टने ही बातमी नाक्यापासून समुद्रापर्यंत इतक्यांदा सांगितली होती की शेवटी लोक त्याला लांबून बघूनच "हो हो, जपान!" म्हणायचे. आणि आता तोच नव्हता. दुखवट्याच्या वर्षात पोरीने परदेशात नाचायला जायचं? आळीत हाच शब्द फिरत होता, नाचायला. आत्या तो शब्द वापरत नव्हती, पण विषय निघाला की मशीन जोरात चालवायची.

मार्था गरीब दिसते, पण धोरणी आहे. तिने एक दिवस मोबाइलवर त्या शाळेच्या गणवेशाचा फोटो उघडून नणंदेच्या पुढ्यात धरला. गडद निळा, जवळजवळ काळाच. खलाशाच्या धाटणीची मोठी कॉलर, बारीक चुण्यांचा घागरा, गळ्यात लाल रुमालाची गाठ. आत्याने चष्मा लावला, फोटो मोठा केला, चुण्या बघितल्या, शिवण बघितली. या बाईने आठवीपासूनचा हायस्कूलचा गणवेश शेकड्यांनी शिवला, अंगात एकदाही घातला नाही. म्हणूनच की काय, ती त्या फोटोकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"हा तं काळाच हाय. आनि हा लाल कशाला?"

"शाळेचा हाय. सगळ्यांनाच हाय."

"शाळेचा असंल तं चालंल." मग भाचीकडे वळून, "रोज हाच घालायचा ना? मंग जा. पन वर्ष भरंपर्यंत काळं उतरवायचं नाय. पप्पाची शप्पथ घे."

ज्युलिएटने शपथ घेतली. त्या वेळी तिने कशाचीही घेतली असती.

जपानमधलं ते गाव लहान होतं, बंदराचं, आणि मासळीचा वास राजोडीच्या वासाच्या अगदी शेजारचा. मोरिता नावाच्या कुटुंबात ती राहू लागली. त्यांची मोठी मुलगी कॉलेजला दुसऱ्या शहरी गेली होती, तिचाच जुना गणवेश ज्युलिएटला मिळाला. मोरिताबाईंनी पहिल्या दिवशी तिच्या गळ्यातला लाल रुमाल बांधून दिला, मागे सरकून बघितलं, पुन्हा सोडून पुन्हा बांधला.  कार्मिनआत्याही अशीच करायची.

शाळेत पाऊल टाकलं आणि तिला जे वाटलं ते तिने कुणालाच सांगितलं नाही. अख्खा वर्ग काळ्यात होता. मुली काळ्यात, मुलगे तर गळ्यापर्यंत बटणं लावून पार काळ्यात. मिस्सेला बसल्यासारखे ताठ बसलेले, हळू बोलणारे. घरी शाळेत तिच्या एकटीच्या खिशावर फीत होती आणि मैत्रिणी तिच्याशी बोलताना डोळे खिशावरून हलवत नसत. इथे चाळीस जण जणू तिच्या पप्पांसाठी काळं घालून आले होते, आणि कुणीच काही विचारत नव्हतं. तिला फार बरं वाटलं. भाषा धड येत नव्हती, गणिताच्या तासाशिवाय काही डोक्यात शिरत नव्हतं, तरी तो गणवेश चढवला की दिवस निभायचा. रोज संध्याकाळी ती त्याच्या चुण्या गादीखाली दाबून ठेवायची. पप्पांचं काहीतरी आपल्या हातून नीट चाललं आहे, एवढा एक दिलासा तिला त्यात होता.

मे संपत आला तेव्हा मोरिताबाईंनी तिच्या दारावर एक पांढरा ब्लाउज आणून अडकवला. हसून म्हणाल्या, जूनपासून हा. जपानी शाळांत एक जूनला सगळी पोरं हिवाळी गणवेश काढून उन्हाळी घालतात, हे साऱ्या जगाला ठाऊक असेल, राजोडीला नव्हतं. फोटो दाखवताना मार्थालाही नव्हतं. ज्युलिएटची पाचावर धारण बसली.

एक जूनला ती काळ्यातच गेली. फाटकाशी उभी राहिली तर समोरचं मैदान पांढरंफेक. ती आत शिरली तशी कुणी हसलं नाही, कुणी बोललं नाही; फक्त बाजूला सरकून वाट दिली. त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं.

वर्गशिक्षिकेला वाटलं, ब्लाउज लहान होत असेल. दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावर घडी घालून एक मोठा ब्लाउज ठेवलेला. ज्युलिएट पुन्हा काळ्यात. तिसऱ्या दिवशी त्याहून मोठा. त्यात ती आणि कार्मिनआत्या दोघी मावल्या असत्या. चौथ्या दिवशी शिक्षिकेने तिला बाजूला घेतलं. ज्युलिएटने होते नव्हते तेवढे शब्द गोळा केले. वडील. मेले. एक वर्ष. काळं. आत्या. शिक्षिकेने मान खाली घालून वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, तू हाच घाल.

परवानगी मिळाली आणि तिथेच खरी पंचाईत झाली. आता तिला नको म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, वाद घालायलाही कुणी नव्हतं. वर्गाला सांगितलं गेलं असावं, कारण पोरी आता तिच्याशी दबक्या आवाजात बोलू लागल्या, डब्यातला गोड तुकडा आधी तिला देऊ लागल्या, खेळायला मात्र बोलवेनाशा झाल्या. बाहेर चिकचिक उकाडा, जाड कापड अंगाला चिकटलेलं. जो गणवेश घालून ती चाळिसांतली एक झाली होती, त्याच गणवेशाने तिला चाळिसांबाहेर काढलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिला पप्पांचा राग येऊ लागला. गेलेल्या माणसाचा राग येतो म्हणून ती स्वतःवर चिडायची आणि मग आणखी रडू यायचं.

जूनच्या मध्यावर वर्गाचा फोटो काढला. तो तिने घरच्या ग्रुपवर टाकला. टाकायला नको होता, पण मार्था रोज "फोटो पाठव" म्हणून डोकं खायची. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन ती अजून गणवेशातच होती, तोच व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर कार्मिनआत्या. काळा फ्रॉक, मागे ओट्यावर अर्धी साफ केलेली मांदेली. राजोडीत दुपार होत होती.

"ती बाकीची पोरं पांढऱ्यात कशी?"

"उन्हाळ्याचा गणवेश आहे, आत्या. एक तारखेपासून."

"तुला नाय दिला?"

"दिला. तीन दिले."

 फोन जवळ घेऊन आत्याने भाचीचा घामेजलेला गळा बघितला, चेहरा बघितला.

"तुझ्या पप्पाला मी एकदा पकडला होता," ती एकदम म्हणाली. "आमचा बाबा गेला तवा हा तिसरीत. मी सातवीत होती, शाळा सोडली. ह्याच्या खिशावर काळी फीत लावून मी ह्याला धाडायची. हा काय करायचा, वळनावरच्या क्रुसाच्या मागं ती फीत काढून दगडाखाली ठेवायचा. येताना परत लावून यायचा. कदी वाकडी, कदी भलत्याच बाजूला."

"मग तू मारलंस?"

"नाय गं. झाडाच्या आड उभी राहून बघितलं नि परत आली. वर्षभर बघितलं. कदी बोलली नाय त्याला. एवढंसं पोर. सगळ्यांच्यात आपन एकटंच येगळं दिसायचं, कोनाला बरं वाटतं?"

"मग माझी फीत एवढी घट्ट का शिवलीस?"

"तू त्याची पोरगी. मला वाटलं, तू पन काढशील." आत्याने चष्मा वर सारला. "आनि तू उकाड्यात बसली हायस हे अंगात घालून. त्याच्यानं झालं नाय ते तू केलंस. पुरे झालं आता. सोड तो रुमाल, मी बघते."

"आपलं आपण उतरवायचं नाही ना?"

"मंग मी काय मेली हाय? मी उतरवते. तू नुसती गाठ सोड."

ज्युलिएटने रुमाल सोडला. पडद्यावर आत्याने मासळीचा हात फ्रॉकला पुसला आणि काहीतरी ओढून घ्यावं तसा पुढे केला.

"आलं काळं माझ्याकडं. तुझं राहिलेलं मी पाळीन. उद्यापासनं पांढरं घाल, आनि खेळायला जा."

ज्युलिएट दुसऱ्या दिवशी पांढऱ्यात गेली. वर्गात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तिथे तशी पद्धत नाही. पण शेजारच्या मुलीने तिच्या कॉलरवरचा दोरा उचलून टाकला, आणि दुपारी कुणीतरी चेंडू तिच्याकडे फेकला. राग हळूहळू ओसरला. पप्पांची आठवण मग दगडाखाली फीत लपवणाऱ्या पोराच्या रूपाने येऊ लागली, आणि तिला हसूही येऊ लागलं.

ती परत आली ती पुढच्या वर्षी, मार्च उजाडताना. पप्पांची वर्षाची मिस्सा जानेवारीतच झाली होती. रिक्षा दाराशी थांबली तेव्हा मार्था आंबेरंगी साडीत धावत आली. तिच्या मागे कार्मिनआत्या, नखशिखांत काळ्यात.

"आत्या? वर्ष तर भरलं ना?"

"मी सांगून दमले," मार्था म्हणाली. "मिस्सेच्या दिवशी घरी आलेले सगळे सांगून दमले. फादरांनी सांगितलं. ऐकते का?"

"माझं भरलं," आत्या म्हणाली, बॅग उचलायला पुढे होत. "हे तुझं हाय. जूनपासनं जानेवारी, तुझे राहिलेले महिने. अजून बाकी हाय."

फोनवरचं 'मी पाळीन' हे वाक्य ज्युलिएटने बोलण्याच्या ओघातलं समजलं होतं. आत्या ओघात कधीच बोलत नाही, हे ती विसरली होती. जानेवारीत सगळ्यांचं काळं उतरलं, तेव्हा हिने भाचीचं चढवलं. ईस्टरच्या मिस्सेलाही ही बाई काळ्यातच जाणार होती. ती तिकडे चेंडू खेळत असताना इकडे तिच्या वाटचं कुणीतरी अंगावर वागवत होतं. ज्युलिएट दारातच रडू लागली, आणि आत्या म्हणाली, "विमानात जेवायला घातलं नाय वाटतं."

आत जाऊन ज्युलिएटने बॅग उघडली. गणवेश मोरितांना परत केला होता, पण निघताना बाईंनी त्यातला लाल रुमाल तिला ठेवायला दिला होता. तो घेऊन ती आत्यासमोर आली.

"पप्पांच्या अंगाचं आता कोण उरलंय? तू आणि मी. मग तुझं मी उतरवायचं. बस."

"अगं, पन महिने..."

"माझे आहेत ना? मग मी सांगते, भरले."

आत्या बसली. त्या घरात तिला कुणीतरी बस म्हटल्यावर ती बसली, असं मार्थाने पहिल्यांदाच बघितलं. ज्युलिएटने रुमाल तिच्या मानेमागून घेतला, मोरिताबाईंनी शिकवली होती तशी गाठ मारली, मागे सरकून बघितलं, सोडून पुन्हा मारली. मग तिला कपाटाच्या आरशापुढे उभं केलं. काळा फ्रॉक, गळ्यात लाल गाठ. मार्थाच्या मोबाइलमधला तो फोटोच आरशात उभा होता, फक्त केस पांढरे.

सातवीत शाळा सोडलेली कार्मिनआत्या बराच वेळ बघत राहिली. तिने गाठीला हात लावला, फ्रॉकची घडी नीट केली, आणि सवयीने वरचं बटण तपासलं.

"आठवीत घालायचा हाच, नाय?" ती म्हणाली.

"हो आत्या," ज्युलिएट म्हणाली. "आठवीतच."

"मंग जेवून काढते," आत्या म्हणाली. "आज राहू दे जरा."