बाकावरची भाकरी

आमच्या वाळूज भागात कंपन्या किती आहेत हे सांगणारे पुष्कळ भेटतील, पण पोटुशा बाया किती आहेत हे बिनचूक सांगू शकणारी व्यक्ती पृथ्वीतलावर एकच होती. ती म्हणजे आमच्या समोरच्या मावशी. त्यांना त्यासाठी नाडी लागत नसे की तपासणी लागत नसे. बजाजनगरच्या आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला की त्या ओट्यावर बसून रांगेतल्या बायांची चाल बघत. नवी लग्न झालेली एखादी पोर हंडा उचलायला वाकली की ओट्यावरून हुकूम सुटे, “ठेव तो हंडा! तिसरा लागलाय तुला.” त्या पोरीने ही बातमी अजून नवऱ्यालाही सांगितलेली नसे. तो बिचारा संध्याकाळी कंपनीतून सुटून यायचा तेव्हा गल्लीच्या तोंडापासून लोक त्याचं अभिनंदन करत, आणि कशाबद्दल ते कळेपर्यंत तो हसून सगळ्यांचे आभार मानत असे.

मावशी मूळच्या देवगाव रंगारीच्या बाजूच्या. सासर मेंढपाळाचं. उभ्या आयुष्यात त्यांनी माणसांची आणि मेंढरांची मिळून इतकी बाळंतपणं केली होती, की कन्नड तालुक्यातला निम्मा माणूस आपल्याच हातावर जगात आला असं त्या म्हणत आणि उरलेल्या निम्म्यांकडे जरा संशयाने बघत. मग लागोपाठ दुष्काळ पडला. चारा संपला, मेंढरं विकावी लागली, मुलगा एका कारखान्यात कामाला लागला आणि मावशी शहरात दीड खोलीत आल्या. येताना घोंगडी आणि काठी तेवढी सोबत आणली. रस्त्याच्या मधोमध, आपल्यामागे अजून शंभर मेंढरं चालली आहेत अशा थाटात त्या चालत. मागून रिक्षावाल्याने भोंगा वाजवला की न वळता काठी आडवी धरत, आणि तोही मुकाट्याने मागे मागे येई.

आता अशी नावाजलेली सुईण शहरात आली म्हणजे गल्लीतल्या बायांची सोय झाली, असं कुणालाही वाटेल. पण मावशींनी आल्या आल्या जाहीर करून टाकलं, “घरी बाळंतपण मी करणार नाय. दवाखान्यात चला, मी संगं येते.” आणि त्या दवाखान्याच्या अशा काही पाठीराख्या झाल्या की खुद्द डॉक्टरांना संकोच वाटावा. मात्र दवाखाना पसंत करण्याची त्यांची रीत वेगळी होती. एका नव्या खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई त्यांना कौतुकाने सोनोग्राफीचं मशीन दाखवू लागल्या, तर मावशी तडक मोरीत गेल्या आणि नळ सोडून बघितला. फुस्स करून हवा आली. “मशीन लई झ्याक हाय बाई,” मावशी म्हणाल्या, “पण बाळाला त्याच्यानं धुणार का?” शेवटी गावाबाहेरच्या रस्त्यावरचा एक छोटा सरकारी दवाखाना त्यांनी पसंत केला. भिंतींचे पोपडे निघाले होते, पण बोअरला पाणी होतं.

दुसरी रीत तर याहून अचाट. दर मंगळवारी दुपारी त्या गल्लीतल्या दिवस गेलेल्या बायांना घेऊन दवाखान्यात जात आणि व्हरांड्यातल्या बाकावर ओळीने बसवत. मग फडकं सुटे, ज्वारीच्या भाकरी निघत, ठेचा निघे, कांदा बुक्कीने फुटे आणि घास घेत घेत गप्पा सुरू होत. पहिल्या दिवशी वॉचमन धावत आला.

“कुणाला दाखवायचंय?”

“कुणालाच नाय. बसाया आलोत.”

“ही काय बसायची जागा आहे?”

“मंग बाक कशाला ठेवला रे?”

वॉचमन बाकाकडे बघत फाटकाशी परत गेला. महिन्याभराने मात्र मंगळवारी ठेचा कमी पडला की पहिली तक्रार त्याचीच असे. मी एकदा मावशींना विचारलं, हा काय प्रकार आहे? त्या म्हणाल्या, “मेंढी नव्या जागी व्यायला राजी नसते. आधी दोन-चार दिस तिथं नुसती बसू द्यावी, वास घेऊ द्यावा. मंग ती जागा आपली म्हणती. बाईचं काय येगळं असतं व्हय?”

त्याच सुमारास आमच्या मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिच्या माहेरी, करमाडला, विहिरीने तळ गाठला होता आणि टँकरचं पाणी प्यायलाच पुरत नव्हतं. सासूबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, “लेकीला कुठल्या तोंडानं बोलवू?” हे कळताच मावशींनी स्वतःला मंगलचं माहेर म्हणून घोषित केलं. मी एका दिवसात त्यांचा जावईबापू झालो. जावयाला मान असतो अशी माझी समजूत होती. माझ्या वाट्याला कोपऱ्यावरून दळण आणणं आलं.

पण मंगल दवाखान्याला भ्यायली होती. पहिल्याच तपासणीला तिथली सिस्टर सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडली होती. “मी पुन्हा तिथं जाणार नाही,” तिने सांगून टाकलं, “मावशी, तुम्ही असताना मला कशाला दवाखाना?” मावशींनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “माझी धाकटी जाऊ बी असंच म्हणली होती. बाळ आलं, पण रगत थांबंना. माझ्यापाशी काय होतं तवा? नुसते हातच होते.” आपले दोन्ही हात त्यांनी मंगलपुढे उघडून दाखवले. मंगल रडली. मंगळवारी बाकावर येऊन बसली खरी, पण भाकरीला तिने हात लावला नाही.

तेव्हा मावशींनी ठेवणीतला उपाय काढला. बाळंतपणाची खोली रिकामी होती, दार उघडं होतं. “यात भ्यायचं काय? हे बघ,” म्हणत त्या काठी टेकत टेबलावर चढल्या आणि आडव्या झाल्या. वर पंखा, खाली गादी. मंगलला धीर देता देता त्यांना स्वतःलाच डोळा लागला. तेवढ्यात तीच सिस्टर आत आली. टेबलावर घोंगडी पांघरून सत्तरीची बाई घोरत असलेली बघून तिने हातातला ट्रे खाली ठेवला.

“आजी! कितवा महिना?”

मावशींनी शांतपणे डोळे उघडले. “माझा नाय, हिचा. मी जागा बघत होते. गादी बरी हाय. पण पोरी, बाईवर वरडू नगंस. वरडलं की मेंढीबी आखडती.”

सिस्टर अशी काही हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. एकेका दिवसात आपण एकटीनं किती बायकांना पुरं पडायचं, असं काहीतरी ती डोळे पुसत म्हणाली. मंगलही हसली. त्या दिवशी तिने दीड भाकरी खाल्ली.

आणि वेळ आली तेव्हा भर दुपारी मंगल आपल्या पायांनी रिक्षात बसली. दवाखान्यात मात्र दार लागलं आणि मावशी बाहेर राहिल्या. नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. जन्मभर दाराच्या आतच असलेली ती बाई माझ्याशेजारी बाकावर बसली होती आणि आपल्या हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. पदराखाली घेई, बाहेर काढी, पुन्हा आत घेई. “आत सोपं असतं जावईबापू,” त्या म्हणाल्या, “हाताला काम असतं. भाईर बसाया लई धीर लागतो.”

तासाभराने रडणं ऐकू आलं. सिस्टरने दार उघडलं. “पोरगी झालीय. दोघी ठीक आहेत. या आजी, हात धुऊन या.” मला वाटलं, मावशी धावतील. त्या नळापाशी गेल्या. एकेका तांब्यासाठी गल्लीला धारेवर धरणाऱ्या मावशी त्या दिवशी नळ पुरता सोडून कोपरापर्यंत हात धूत राहिल्या. पाणी वाहत होतं, आणि त्याबरोबर त्यांचे डोळेही.

पुढे पाऊस बरा झाला. चार मेंढरं विकत घेऊन मावशी गावी परतल्या. आता त्या नाहीत. आमची ती पोरगी यंदा स्वतःच बाळंत व्हायची आहे. जालना रोडवरचा मोठा दवाखाना, मोबाईलवर मिळालेली वेळ, काचेच्या पेटीत मासे. गेल्या मंगळवारी मीही सोबत होतो; मंगलने तिला तिथल्या चकचकीत खुर्चीवर बसवलं आणि पिशवीतून फडकं काढलं. गणवेशातला गार्ड आला. “मॅडम, कुणाला दाखवायचंय?”

“कुणालाच नाही,” मंगल म्हणाली, “बसायला आलोय.” लेकीच्या हातात भाकरी देऊन ती उठली. कुठे निघालीस, असं मी विचारणार होतो, पण तेवढ्यात आतल्या बेसिनचा नळ सोडल्याचा आवाज आला आणि मला मावशींची फार आठवण झाली.